कॉलरमधली सुई

सरांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरखाली, उजव्या बाजूला, एक सुई टोचलेली असे आणि तिच्याभोवती पांढरा दोरा गुंडाळलेला असे. मी ती प्रथम पाहिली तेव्हा मला वाटले, या गृहस्थांच्या शर्टाची बटणे वारंवार तुटत असावीत. मालाडच्या एका भाजी मंडईच्या तळघरात बॉक्सिंग शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते अगदीच असंभव नव्हते. पण त्यांचे बटण तुटलेले मी कधी पाहिले नाही. गळ्यापर्यंत सगळी बटणे लावलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते घामाने निथळणाऱ्या पंधरा-वीस माणसांत असे वावरत, की कुणा नातेवाइकाच्या लग्नाला निघाले असावेत आणि मांडव चुकून इथे उतरले असावेत.

मी त्यांच्याकडे गेलो तो एका चित्रपटाच्या कामासाठी. उपनगरांतल्या बंद गोदामांत आणि तळघरांत चोरून चालणाऱ्या झुंजींवर तो चित्रपट होता. त्याचे संवाद मी लिहीत होतो आणि दिग्दर्शकाचा मुख्य सहायक म्हणूनही कामाला होतो. माझे वय तेव्हा चाळिशीच्या थोडे पुढे. बॉक्सिंगविषयीचे माझे सारे ज्ञान पडद्यावरचे होते. अंधार, एक पिवळा दिवा, ओरडणारी माणसे आणि तोंडातून उडणारे रक्त एवढे जमले की सत्य जमले, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सरांच्या तळघरात यांपैकी काहीच नव्हते. ट्यूबलाइट होत्या, भिंतींना चुना होता आणि जिन्यावाटे वरून उतरणारा कोथिंबिरीचा वास होता. रिंगला चारऐवजी पाच कोपरे होते, कारण एका बाजूला इमारतीचा खांब मध्ये येत होता. त्या खांबाला सरांनी जुनी गादी बांधली होती.

"पाचवा कोपरा घाबरलेल्याचा," ते नव्या माणसाला सांगत. "भीती वाटली की तिथं जायचं, गादीला टेकायचं. तिथं कुणी मारायचं नाय. श्वास घ्यायचा आणि परत यायचं."

त्या कोपऱ्यात जायची लाज वाटणारा एकही माणूस मला तिथे आढळला नाही. मला मात्र पुढे आयुष्यात असा कोपरा सापडला नाही. किंवा सापडला तेव्हा मी तिथून परत आलो नाही.

"काय लिवतोस तू?" त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारले.

"सिनेमा, सर. चोरून चालणाऱ्या बॉक्सिंगवर."

"कुणी मारलंय कधी तुला?"

"शाळेत मारलंय."

"ते धरत नाय." त्यांनी कॉलर उलटी केली, सुई काढली, दोरा सोडवला आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले. "ओव."

सुई अतिशय बारीक होती. तिचे नेढे दिसण्यासाठी मला ती ट्यूबलाइटकडे धरावी लागली. दुसऱ्या प्रयत्नात दोरा आत गेला.

"ठीक. डोकं जागेवर आहे. बूट काढून बस तिकडे. देऊळ नाय हे, पण लादी मीच पुसतो."

त्या दिवसापासून मी 'लेखक' झालो. माझे नाव त्यांनी कधी विचारले नाही.

त्या सुईचा नियम असा होता. सरावात ज्याच्या डोक्याला मार बसेल त्याने ग्लव्हज उतरवायचे, हाताच्या पट्ट्या सोडायच्या आणि सुईत दोरा ओवायचा. संधी तीन. ओवला तर पुढे चालू. नाही ओवला, तर महिनाभर ग्लव्हजला हात लावायचा नाही, आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी एकट्याने घरी जायचे नाही. सर स्वतः त्याला त्याच्या दारापर्यंत सोडत. घरच्या माणसाच्या ताब्यात देत आणि बजावत, "आज ह्याला झोपेतून दोनदा उठवा आणि नाव विचारा. चुकीचं सांगितलं तर थेट हॉस्पिटल." डॉक्टरांच्या तपासण्यांना त्यांचा विरोध नव्हता. पण डॉक्टर तळघरात नसतात आणि सुई असते, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

एकदा एक पोलीस हवालदार तिन्ही वेळा चुकला. चांगला सव्वासहा फूट उंचीचा गडी.

"सर, मला कुठं सोडायला येता? मी पोलिसात आहे."

"मग ड्युटीवर चोराला एकटा सोडतोस काय? चल."

सरांची उंची त्याच्या खांद्याखाली. तरी त्याचे कोपर घट्ट धरून ते त्याला भर मंडईतून घेऊन निघाले. भाजीवाल्या बायकांना तर तेवढेच पाहिजे होते.

"सर, काय केलंन ह्यानं? पाकीट मारलंन?"

"दोरा ओवता येत नाय त्याला."

"मग लग्न झालेलं दिसत नाय अजून!"

हवालदार कानापर्यंत लाल झाला होता. पुढे तो दर गुरुवारी पहाटे येऊन सरांच्या आधी लादी पुसून ठेवू लागला.

सर मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. सरांनी गोदीत नोकरी केली आणि गोदीच्या संघातून बॉक्सिंग केले. फेरीची सुरुवात आणि शेवट ते घंटेने करत नसत. घरून आणलेल्या स्टीलच्या ताटावर पळी मारत. घंटेने माणूस चवताळतो आणि ताटाने त्याला घर आठवते, असे त्यांचे मत होते. ताटाशेजारी डब्यात उकड्या तांदळाची पेज असे. ती प्यायल्याशिवाय कुणाला रिंगमध्ये जाता येत नसे. बरोबर एक वाजता सर जिना चढून वर मंडईत जात, कारण तळघरात फोन लागत नसे, आणि घरी आपल्या पत्नीला, आमच्या काकूंना, फोन करून विचारत, "जेवलीस?" पलीकडून उत्तर आले की पुढचा प्रश्न, "काय केलेलंस?" तेवढे ऐकून ते खाली येत. या सगळ्याला चार मिनिटे लागत. मी एकदा कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "आधी माझी वाट बघत उपाशी बसायची. मला पत्ता नाय. वीस वर्षं बसली. आता विचारतो."

सुई कुठून आली तेही त्यांनी एकदा सांगितले. तरुणपणी ते घरच्यांना न सांगता झुंजी खेळत. घरी येत तेव्हा आई गोधडी शिवत बसलेली असे. ती चेहऱ्याकडे बघत नसे, कुठे होतास ते विचारत नसे. सुई पुढे करून म्हणे, "झिला, माका दिसना नाय. दोरो ओवून दी." ते ओवून देत. एके दिवशी मात्र दोरा काही केल्या आत जाईना. आईने सुई काढून घेतली, दाराला आतून कडी घातली आणि तीन दिवस त्यांना घराबाहेर पडू दिले नाही.

"तिचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते," सर म्हणाले. "मेली तेव्हा पण तांदळातला खडा तिला लांबून दिसायचा. मला हे कळायला किती वर्षं लागली बघ."

चित्रपटाची संहिता मी त्यांना वाचून दाखवली होती. डोळे मिटून, मांडीवर पळी घेऊन त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मला वाटले, त्यांना झोप लागली.

"ह्यात घरी कोणच जात नाय," ते म्हणाले.

"म्हणजे, सर?"

"मारतात, पडतात, जिंकतात. पुढे? घरी कसा जातो माणूस? लेखक ना तू? ते लिव." मग आवाज खाली आणून: "मी खेळलोय असल्या झुंजी. जोगेश्वरीला तबेला होता, म्हशींचा. दुपारी दूध काढून झालं की आम्हाला उतरवायचे. माझ्या जोडीचा एक होता. मार खाल्लान, हसत हसत बाहेर पडला, 'जातो रे' म्हणाला. रस्त्याकडेला बाकावर बसला तो बसलाच. मला दुसऱ्या दिवशी कळलं." पळीची दांडी ते अंगठ्याने पुसत राहिले. "पंच नसतो म्हणून चोरटी झुंज वाईट नाय. पडलेल्याला घरी सोडणारा कोण नसतो, म्हणून वाईट."

ते वाक्य मी वहीत उतरवले आणि नायकाच्या तोंडी घातले. चित्रपटगृहात त्यावर टाळ्या पडत. मी त्या ऐकल्या आहेत.

निर्मात्यांनी सरांना नायकाचे प्रशिक्षक म्हणून नेमले आणि चित्रीकरण त्यांच्याच तळघरात करायचे ठरले. नायक मोठा नट होता. सरांनी त्याला पहिल्या आठवड्यात एकही ठोसा मारू दिला नाही. सगळ्यांच्या घामट पट्ट्या धुऊन दोरीवर वाळत घालण्याचे काम दिले. "पट्टी कुणाची ते वासावरून सांगशील त्या दिवशी ग्लव्हज देतो." नट मुळात भला माणूस; त्याने ते केले. पुढे चित्रीकरण सुरू झाल्यावर ऐन टेकमध्ये सर ताटावर पळी बडवत रिंगमध्ये शिरले, कारण नायकाचा डावा हात हनुवटीपासून खाली आला होता. "सर, हा शॉट चालू आहे," दिग्दर्शक कळवळून म्हणाला. "शॉट चालू दे. त्याचा हात वर घे आधी," सर म्हणाले.

नायकाशी अखेरची झुंज खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या भूमिकेसाठी सरांनी आपला सर्वांत चांगला विद्यार्थी दिला होता. त्याचे नाव मिलिंद. चोवीस-पंचवीस वर्षांचा, दिंडोशीच्या वसाहतीत आईबरोबर राहणारा, विलक्षण चपळ आणि तितकाच बडबड्या. तो मला दादा म्हणत असे.

"दादा, मला एक तरी डायलॉग द्या ना यार. नुसता मार खातोय मी. आई विचारते, तू मुका दाखवलायस काय?"

"देतो. शेवटच्या झुंजीच्या आधी एक देतो."

"मोठा द्या. आईला पाठ करायचाय."

शेवटची झुंज एका सोमवारी होती. मंडईला त्याच दिवशी सुटी असल्यामुळे वरची गडबड बंद ठेवता येत होती. म्हणजे आमच्या हाती तो एकच दिवस होता. जेवणाआधीच्या तालमीत नायकाचा तोल गेला आणि त्याचे कोपर मिलिंदच्या कानशिलावर जोरात बसले. मिलिंद लगेच उठला. "काय नाय, काय नाय, आपण पण हिरोचा मार खाल्ला," म्हणून हसला देखील. सरांनी ताटावर पळी मारली. त्यांचा हात कॉलरकडे गेला. त्याच वेळी एक वाजला.

सरांनी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे. सुई आणि दोरा माझ्या हातावर ठेवून ते म्हणाले, "लेखक, ह्याच्याकडून ओवून घे. तीन वेळा. मी येतो चार मिनिटांत."

एवढ्या वर्षांत त्यांनी ओवून घेण्याचे काम दुसऱ्या कुणावर सोपवल्याचे कुणाला आठवत नव्हते.

मिलिंदने पहिल्यांदा दोरा सुईच्या बाजूने नेला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याने दोरा ओठांत ओला केला, एक डोळा मिटला, आणि दोऱ्याचे टोक नेढ्यावर आपटून वाकले. त्याच्या चेहऱ्यावर हसू तसेच होते. मी इथे काही सांभाळून लिहिणार नाही. मला घाई करा असे कुणी म्हटले नव्हते. दिग्दर्शक पलीकडे चहा पीत होता. मिलिंदने माझ्यापाशी हट्ट केला नव्हता. सेटवर कपडे सांभाळणारे ड्रेसदादा बाजूलाच बसले होते आणि त्यांच्या सुया टोचायच्या छोट्या उशीत भरतकामाची, मोठ्या नेढ्याची एक सुई टोचलेली होती. ती मी मागितली. मीच मागितली.

"दादा, ही चालते?" मिलिंदने विचारले.

"सुई ती सुई," मी म्हणालो.

त्याने पहिल्याच फटक्यात ओवली आणि हात वर करून स्वतःच्याच नावाने ओरडला. मोठी सुई मी ड्रेसदादांना परत दिली.

सर जिना उतरले. "ओवली?"

"ओवली."

"कितव्या वेळी?"

"पहिल्या."

दोन्ही उत्तरे शब्दशः खरी होती. खोटे बोललो असतो तर एखाद्या वेळी मी ते कबूल करून मोकळा झालो असतो. या दोन खऱ्या शब्दांच्या आड मी अकरा वर्षे राहिलो. सरांनी आपली बारीक सुई माझ्या हातून घेतली, कॉलरमध्ये टोचली आणि मिलिंदच्या पाठीवर थाप मारून ताट वाजवले.

त्या टेकमध्ये त्याला बसलेला ठोसा ठरवून दिलेला होता, हलका होता. तो पडला आणि पडल्यावर त्याचा डावा हात दोरखंडाकडे जाण्याऐवजी हवेत काहीतरी शोधत राहिला. सगळ्यांना वाटले, किती सुंदर अभिनय करतो आहे. फक्त सर धावले.

मेंदूत रक्त साकळले होते. शस्त्रक्रिया झाली. मिलिंद वाचला. पण त्याच्या डाव्या हाताची बोटे पुन्हा नीट मिटली नाहीत आणि त्याचे बोलणे, ते भरधाव बोलणे, शब्दाशब्दाला थांबू लागले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सर डॉक्टरांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "पण त्याने सुई ओवली होती. पहिल्या वेळी ओवली होती." डॉक्टरांना त्याचा अर्थ लागत नव्हता. मला लागत होता. मी तिथेच, बाकावर, त्यांच्या शेजारी बसलो होतो.

महिन्याभरात सरांनी रिंगचे दोर सोडले. वर्ग बंद केला नाही. दोरीवरच्या उड्या, व्यायाम, पेज, सगळे चालू राहिले. पण कुणाला कुणाच्या अंगावर हात उगारू दिला नाही. कुणी कारण विचारले की म्हणत, "सुई खोटी पडली." कॉलर मोकळी झाली. तिथे दोन बारीक भोके तेवढी दिसत.

मिलिंदच्या पडण्याचा तो टेक चित्रपटात आहे. तो काढून टाका असे मी म्हणू शकलो असतो. समीक्षकांनी त्या क्षणाचे फार कौतुक केले.

पहिली काही वर्षे मी दिवाळीला सरांकडे पेढे घेऊन जात असे. काकू चहा करत. सर मिलिंदची हकिकत सांगत: तो वसाहतीतल्या विहाराची अभ्यासिका सांभाळतो, मुले त्याला घाबरतात, हल्ली त्याला कॅरम खेळता येतो. दर वेळी घरातून निघताना मी ठरवून निघे आणि दर वेळी चहा पिऊन परत येई. पुढे मी जाणे बंद केले. फोन करू लागलो, मग तोही विरळ झाला.

गेल्या हिवाळ्यात एका कार्यशाळेत मी चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना शिकवत होतो. त्यांनी आपणहून तो प्रसंग लावला. एका मुलीने विचारले, "सर, हे पडणं इतकं खरं कसं काय जमवलंत?" मी म्हणालो, "आता आठवत नाही." तिने ते वहीत लिहून घेतले. तिची मान वर होण्याची मी वाट पाहिली नाही. कार्यशाळेतून बाहेर पडलो आणि रिक्षाने सरळ मालाडला गेलो.

सर आता पुनर्विकासात मिळालेल्या घरात, सोळाव्या मजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या घरात. दार काकूंनी उघडले. दुपारची जेवणे नुकतीच झाली होती. सर खिडकीपाशी बसून शर्टाला इस्त्री करत होते.

"लेखक! पेढे नाय आणलेस?"

"नाही, सर. एक सांगायचं होतं."

मी उभ्यानेच सांगितले. तीन प्रयत्न, ड्रेसदादांची उशी, मोठे नेढे, माझे दोन शब्द. वाक्ये मी वाटेत जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही तोंडात आले नाही. शेवटी एवढेच म्हणालो, "ती तुमची सुई नव्हती, सर. तुमच्या सुईत त्याला ओवता आलं नव्हतं."

इस्त्री हातात धरून सर माझ्याकडे पाहत राहिले. मी रागाची तयारी करून गेलो होतो. शिवीची, कदाचित हाताचीही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याची तयारी माझ्यापाशी नव्हती. तो आनंद होता.

"म्हणजे सुई बरोबर होती?"

"हो."

"तिन्ही वेळा नाय गेला दोरा?"

"नाही, सर."

"अगो, ऐकलंस?" ते आत वळून ओरडले. "सुई बरोबर होती गो! आयेची सुई बरोबर होती!"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. सरांच्या हातातली इस्त्री काढून त्यांनी ती उभी ठेवली आणि मग माझ्याकडे वळल्या.

"दर दिवाळीला येत होतात ना हो तुम्ही? ह्याच खुर्चीत बसत होतात. साखर कमी घाला म्हणत होतात." त्यांचा आवाज चढला नाही. "हा माणूस रात्री उठून कॉलर चाचपायचा. मी बघितलंय."

त्या आत गेल्या. मला वाटले, आता त्या बाहेर येणार नाहीत. पण त्या आल्या आणि एक छोटी डबी त्यांनी सरांच्या हातात दिली. डबीत तीच सुई होती आणि तिच्याभोवती पिवळा पडलेला दोरा.

सरांचा आनंद तोवर ओसरला होता. मग त्यांनी विचारले, "मिलिंदला सांगितलंस?"

"नाही. आधी तुमच्याकडे..."

"माझ्याकडे कशाला? हात माझा गेला काय?"

त्यांनी दोरा सोडवला आणि सुईसकट माझ्यापुढे धरला.

"ओव."

"सर, माझा चष्मा..."

"डोळ्यावरच आहे. ओव."

सोळाव्या मजल्याच्या खिडकीतून भरपूर उजेड येत होता. मी सुई त्या उजेडाकडे धरली. पहिल्या वेळी दोरा कुठे गेला तेच मला दिसले नाही. दुसऱ्या वेळी सुईच बोटांतून निसटून खाली पडली. ती काकूंनी लादीवर वाकून अचूक उचलून दिली. तिसऱ्या वेळी मी दोरा ओठांत ओला केला, एक डोळा मिटला, आणि ते करताना मला कळले की मी हुबेहूब मिलिंदसारखे करतो आहे. टोक नेढ्यावर आपटून वाकले.

सरांनी माझ्या हातून सुई घेतली. "तीन झाले," ते म्हणाले. "एकट्याने जायचं नाय."

त्यांनी नुकताच इस्त्री केलेला शर्ट अंगात चढवला. सगळ्यांत वरचे बटण लावताना त्यांची बोटे थकली तेव्हा ते काकूंनी लावले. मग सरांनी कॉलर उलटी केली आणि सुई चाचपत चाचपत जुन्या भोकांत टोचली. खाली येऊन त्यांनी रिक्षा थांबवली. माझे कोपर त्यांच्या हातात होते. पकड अजून घट्ट होती.

"दिंडोशी," त्यांनी रिक्षावाल्याला सांगितले.

"सर, मी बोरिवलीला राहतो."

"ठाऊक आहे मला."

वाटेत, सिग्नलला, त्यांनी फोन काढला. "जेवलीस?" म्हणाले, आणि मग स्वतःशीच हसले, कारण काकूंबरोबर ते तासाभरापूर्वीच जेवले होते.

मिलिंदचे घर वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढताना मला थांबावे लागले, त्यांना नाही. दारापाशी पोहोचल्यावर त्यांनी माझे कोपर सोडले आणि दोन पावले मागे सरकून उभे राहिले. रिंगच्या कोपऱ्यात गुरू जिथे उभा राहतो तितक्याच अंतरावर.

"बेल तू वाजव."

मी वाजवली. आतून सावकाश येणारी पावले ऐकू आली. दार मिलिंदनेच उघडले. कानशिलांवर केस पिकले होते. डावा हात पोटाशी धरलेला. त्याने मला ओळखायच्या आधी सरांकडे पाहिले, आणि त्याची नजर त्यांच्या गळ्यापाशी जाऊन थांबली.

"सर," एकेक शब्द जुळवत तो म्हणाला, "सुई... परत लावलीत?"

"लावली," सर म्हणाले. "का लावली ते हा सांगेल."

मिलिंदने माझ्याकडे पाहिले. "दादा," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला. मी बूट काढले आणि आत गेलो.